ओल्या दोरानं आखलेलं मैदान

मेंढरांमागं कोणी पळत नसतं. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्याबद्दल जिथं कुठं चार ओळी छापून येतात तिथं हे वाक्य असतंच, की मेंढरांमागं पळून पळून हिचे पाय तयार झाले. लिहिणाऱ्यानं एकदा तरी आमच्या घाटनांदूरच्या माळावर येऊन कळपाबरोबर एक दिवस काढावा. मेंढरं मान खाली घालून चरतात आणि त्यांच्यामागं माणूस खांद्यावर काठी टाकून इतकं हळू चालतं की बघणाऱ्याला झोप यावी. कळप पळाला तर समजायचं लांडगा आला, आणि लांडगा काही रोज येत नाही. मी कळती झाले तशी मेंढरांमागं हिंडले आणि कॉलेजात गेले तेव्हा मला धड पळता येत नव्हतं. पाय फेंगडे टाकायचे, हात पोटाशी धरायचे आणि दुसऱ्या फेरीला कडेला बसून ओकायचे. मला पळायला शिकवलं ते दोन माणसांनी. एक बडे सर आणि दुसऱ्या काझी मॅडम. त्यांची नावं कुठंच छापली गेली नाहीत, आणि जिथं ती असायला हवी होती तिथं दुसऱ्याच माणसाचं नाव आहे. त्या माणसाचं नाव मी या पुस्तकात घेणार नाही. त्यानं दुसऱ्याचं पुष्कळ घेतलंय, माझ्या पुस्तकातली जागा तरी त्याला मिळू नये.

कॉलेज आमच्या भागातलंच, छोटं. एसटीनं उतरलं की चहाच्या टपऱ्या, मग आडत दुकानं, आणि त्यापलीकडं दगडी कमानीतून आत गेलं की तीन इमारती आणि एक मैदान. मैदान म्हणायचं म्हणून म्हणायचं, काळी जमीन होती, आणि तिच्यावर दर पावसाळ्यानंतर गोखरू माजायचं. बडे सर तिथं खेळाचे शिक्षक होते, पण कायम नव्हते, तासावर होते. पावसाळ्यात घ्यायचं आणि उन्हाळ्यात सोडायचं अशी त्यांची नोकरी. पस्तिशीला टेकले होते, नोकरी पक्की नाही म्हणून लग्न अडलेलं, आणि घरी म्हातारी आई रोज विचारायची की ऑर्डर निघाली का. काझी मॅडम भूगोल शिकवायच्या. त्या कायम होत्या. तरुणपणी थाळीफेक करायच्या, खांदे तसेच रुंद राहिलेले, आणि खेळाशी त्यांचा कागदोपत्री काडीचा संबंध नव्हता. बडे सरांना थाळी फेकायला शिकवता येत नाही असं त्यांचं ठाम मत होतं, आणि ते सिद्ध करायला त्या रोज सकाळी मैदानावर यायच्या. आल्या त्या राहिल्याच.

दोघं पहिल्यांदा आमच्या वस्तीवर आले तो दिवस मला लख्ख आठवतो. मॅडमना त्यांचे साहेब स्कूटरवरून घेऊन आले होते. आल्याआल्या ते लिंबाखाली पेपर उघडून बसले, ते जाईपर्यंत तोंड वर काढलं नाही. सर सायकलवर आले, घामानं निथळत, आणि पाणी पिण्याआधीच मॅडमशी भांडायला लागले की रस्ता चुकीचा सांगितला. आबा बाभळीखाली अंबाडीचा दोर वळत बसले होते. त्यांनी दोघांचं भांडण शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "काय काम काढलंत?"

"आबा, सुभद्राला पळायला पाठवा," सर म्हणाले.

आबांचे हात थांबले. पोरगी पळणार म्हटल्यावर आमच्याकडं कुठल्याही बापाचे हात थांबतात. "पळून काय करायचं हाय तिला?"

"कुठं जायचं न्हाई आबा. गोल पळायचंय. जिथनं सुटली तिथंच येणार."

आत चुलीपुढं बसलेली माय फिस्सकन हसली. मॅडम पुढं सरकल्या, आबांच्या समोर सरळ मातीत बसल्या आणि म्हणाल्या, "मामू, माझ्या घरात दोन लेकी हायत. ही तिसरी समजा. जिथं जाईल तिथं मी सोबत. रात मुक्काम पडला तर माझ्या शेजारी निजेल. आणखी काय पायजे बोला." आबांनी दोर बाजूला ठेवला. ते जास्त बोलणारे नव्हते. "उन्हाळ्यात मेंढराकडं लागंल ती मला," एवढंच म्हणाले, आणि ठरलं. मॅडमनी मग मायला हाक मारून माझी चप्पल मागवली, उलटी करून तळ बघितला आणि सरांना दाखवला. "बघा, बाहेरच्या कडेला झिजलीय. पाय फेंगडा टाकते ही, मी काय म्हणत होते?" सर म्हणाले, "मीच म्हणत होतो." परत भांडण.

वस्तीवरचं आमचं घर पत्र्याचं, पुढं मेंढरं कोंडायची जाळी, तिला आम्ही वाघर म्हणतो. पहाटे आधी कोकरं ओरडायची. त्यांना आयांकडं सोडेपर्यंत तो कालवा थांबत नसे, आणि थांबला की मायच्या भाकरी थापण्याचा आवाज कानावर यायचा. भाकरी, लसणाचा ठेचा आणि हुलग्याच्या पिठाचं पेजेसारखं माडगं हे आमचं ठरलेलं. मी पळायला लागल्यावर सरांनी मायला निरोप धाडला की पळायच्या आधी पोरीला भाकरी देऊ नका, पोटात गोळा होतो, पातळ माडगं द्या. माय चिडली. "माझ्या लेकीला काय खाऊ घालावं ते मास्तर सांगणार व्हय?" पण दुसऱ्या दिवसापासून माडगं पातळ झालं आणि त्यात गुळाचा खडा जास्तीचा पडायला लागला. सांगायचा मुद्दा हा की ही माणसं माझ्या चपलेच्या तळापासून माझ्या ताटापर्यंत पोचली होती. उपजत गुण, उपजत गुण म्हणणाऱ्यांनी हे माडगं कधी हिशोबात धरलं का? उपजत माझ्यात काय होतं ते मला चांगलं माहीत आहे. ओकारी होती.

मैदानावरची सकाळ गोखरू वेचण्यानं सुरू व्हायची. आम्ही बहुतेक पोरी अनवाणी पळायचो, म्हणून आधी सगळ्यांनी एका ओळीत वाकून काटे वेचत मैदानाच्या या टोकापासून त्या टोकाला जायचं, सर आणि मॅडमही त्या ओळीत. सरांची शिट्टी फुटकी होती, ती फुसफुसायची, म्हणून ते दोन बोटं तोंडात घालून शीळ घालायचे आणि ती आडत दुकानांपर्यंत ऐकू जायची. मॅडम वळणावर उभ्या राहायच्या. प्रत्येक पोरगी समोरून गेली की एकच गोष्ट सांगायच्या, दोन कधीच नाही. माझ्यासाठी गुडघा. "सुभद्रा बेटा, गुडघा कुठंय तुझा? घरी ठेवून आलीस का?" पावसाळा संपून थंडी पडेपर्यंत मी दुसरं काही ऐकलं नाही. एक दिवस त्या गुडघा म्हणाल्याच नाहीत, "हात" म्हणाल्या, आणि मला इतका आनंद झाला की मी पळता पळता वळून बघितलं आणि पडले. आज पायऱ्या चढताना गुडघे कुरकुरतात तेव्हा मला मॅडमचा आवाज येतो. त्यांना आता काय उत्तर द्यावं?

आता दोराची गोष्ट. तिचा आमच्या भागात लोकांनी विनोद करून टाकलाय, म्हणून ती नीट सांगते. मैदानावर ट्रॅक आखायला लांब टेप लागते. कॉलेजला टेप होती. ती संस्थेच्या अध्यक्षांनी, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, आपला प्लॉट मोजायला नेली आणि ती परत आली नाही. सरांनी दोनदा मागितली. तिसऱ्यांदा मागितली तेव्हा कारकून म्हणाला, "सर, टेपपायी तास घालवून घेता का?" तेव्हा सरांनी आबांकडून नवा अंबाडीचा दोर मागितला. आबांनी दोन दिवस खपून इतका लांब दोर वळला की तो उचलायला दोन पोरी लागायच्या, आणि तो हौदात भिजत टाकला, कारण आमच्याकडं नवा दोर भिजवल्याशिवाय वापरत नाहीत. शेजारच्या हायस्कुलातून सरांनी एका दिवसासाठी टेप मागून आणली. मॅडमनी वळणाची त्रिज्या किती आणि सरळ बाजू किती याचा हिशोब मांडला आणि त्या अंतरांवर दोराला गाठी मारायचं ठरलं. दोर ओला होता. सर म्हणाले, "वाळू द्या." मॅडम म्हणाल्या, "टेप संध्याकाळी परत द्यायचीय." आणि आबांनी निकाल दिला, "ओल्याच गाठी मारा. ओली गाठ वाळली की सुटत न्हाई." हे अगदी खरं आहे. त्या गाठी आजवर सुटलेल्या नाहीत. पण ओला दोर आखडतो आणि वाळला की, ओढला की, लांबतो, हेही तितकंच खरं. आबा जन्मभर दोरानं मेंढरं आणि बैल बांधत आले होते, आणि बैलाला दोर हातभर लांब झाला तर काही बिघडत नाही. अंतर मोजायला दोर वापरायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. आणि भूगोलाच्या मॅडमना पृथ्वीचा परीघ तोंडपाठ, पण दोराचा स्वभाव नाही. असा तिघांनी मिळून तो घोटाळा केला, एकमेकांवर पूर्ण विश्वास ठेवून.

रेषा मारायच्या पांढऱ्या फक्कीला मंजुरी नव्हती, म्हणून आम्ही वसतिगृहाच्या चुलीतली राख आणून त्या रेषा मारायचो. राख वाऱ्यानं उडायची. दर आठवड्याला तो दोर घेऊन ट्रॅक नव्यानं आखायचा, आणि दर आठवड्याला तो तितकाच चुकीचा आखला जायचा. चारशे मीटरची म्हणून जी फेरी आम्ही पळत होतो ती एक एसटी उभी राहील एवढी जास्त होती. हे कुणालाच माहीत नव्हतं. आम्हाला एवढंच दिसत होतं की कितीही पळालो तरी सरांच्या घड्याळात आमचा वेळ जास्तच येतो. दुसऱ्या कॉलेजच्या पोरींचे वेळ कानावर यायचे आणि आम्ही त्यांच्या जवळपासही नसायचो. स्टाफरूममध्ये सरांची थट्टा चालायची. बडे, तुमच्या पोरी पळतात का वरातीत चालतात? सर घड्याळाकडं बघत उभे राहायचे. त्यांनी आम्हाला एकदाही म्हटलं नाही की तुम्ही कमी पडता. ते मॅडमना म्हणायचे, "माझंच शिकवणं चुकतंय, मॅडम. पोरी जीव तोडतायत." आणि मग दोघं बसून सगळा सराव मोडून नव्यानं बांधायचे. जास्त पळवून बघितलं, कमी पळवून बघितलं. चढावर नेलं. रिलेची काठी हातात देण्याची पद्धत मॅडमनी तीनदा बदलली. म्हणून मला राग येतो तो त्या विनोदाचा, की दोर लांब होता म्हणून पोरी जिंकल्या. लांब मैदानावर कोण पळत नाही? एसटी चुकलेला प्रत्येक माणूस पळतो. आम्ही जिंकलो कारण चूक आपली आहे असं समजून दोन माणसं रोज सकाळी नव्यानं विचार करत होती. आणि आम्ही चुकतोय असं त्यांनी आमच्या कानावर कधी पडू दिलं नाही.

विद्यापीठाच्या स्पर्धेला जायच्या आदल्या दिवशी भाऊसाहेबांनी आम्हाला ऑफिसात बोलावलं. खुर्चीत रेलून ते म्हणाले, "बडे, ट्रॉफी आणा. ट्रॉफी आली की तुमची ऑर्डर पक्की. पोरींसमोर सांगतोय." सरांनी नमस्कार केला. बाहेर आल्यावर सायकल ढकलत चालताना त्यांचा चेहरा असा झाला होता की आम्हा पोरींना सगळं कळलं. स्पर्धेत आम्ही स्वतःसाठी पळत नव्हतो. सरांच्या ऑर्डरसाठी पळत होतो.

विद्यापीठाचं ग्राउंड मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं हे छोटं आहे. मॅडम म्हणाल्या, "अगं, प्रेक्षकांच्या पायऱ्यांमुळं तसं वाटतं." पंधराशे मीटर सुरू झाली. पहिलं वळण लवकर आलं. दुसरंही. फेरी संपली तेव्हा माझा दम अजून सुरूही झाला नव्हता. मला वाटलं पंच फेऱ्या चुकीच्या मोजतायत, आणि आता आपल्यावर अन्याय होणार, म्हणून मी घाबरून आणखी जोरात पळाले. रेषा ओलांडली तरी थांबेना. मागून पंच ओरडत आला, "अगं बाई, झालं, थांब की." मी पहिली आले होते. रिलेतही आम्हीच. दुपारपर्यंत थाळी, गोळा आणि लांब उडीचे गुण मिळून मुलींची ट्रॉफी आमच्या त्या राखेच्या मैदानाकडं आली. पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. सर मात्र हसत नव्हते. ते वळणाकडं बघत होते. मग ते कडेनं चालत एक फेरी मारून आले, मोठी मोठी पावलं टाकत, ओठ हलवत, आणि मॅडमसमोर येऊन म्हणाले, "मॅडम. आपला दोर."

मॅडमनी तोंडावर हात ठेवला. मग दोघं तिथंच पायरीवर बसून इतके हसले की मॅडमच्या डोळ्यांतून पाणी आलं. दोघांना इतकं एकमतानं काही करताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

शहाणा माणूस गप्प बसला असता. बडे सरांनी परत आल्याबरोबर स्वतः जाऊन प्राचार्यांना सांगितलं, की आमचा ट्रॅक लांब आखला गेलाय, पुढच्या वर्षीच्या पोरींसाठी तो दुरुस्त करायचाय, तेवढी टेप मिळावी. बस्स, एवढंच. टेप मागितली. त्या माणसाला ऑर्डर मागायची होती आणि तो टेप मागून आला. दोन दिवसांत ती गोष्ट भाऊसाहेबांच्या कानावर गेली, आणि तिसऱ्या दिवशी मैदानावर मोजणीचा माणूस हजर झाला. सोबत भाऊसाहेब, दोन-चार संचालक आणि भाऊसाहेबांचे जावई. जावयांना नोकरी नव्हती. भाला कुठल्या बाजूनं धरायचा हेही त्यांना माहीत नव्हतं, हे मी राग म्हणून सांगत नाही, त्या दिवशी त्यांनी तो काठीसारखा जमिनीवर टेकवून धरला होता. मोजणीच्या माणसानं टेप लावली. ती टेप मी ओळखली, तिच्या डबीवर कॉलेजचा पांढऱ्या रंगाचा नंबर होता. फेरी लांब निघाली. संचालक हसले. भाऊसाहेब हसले नाहीत. त्यांनी मान हलवली, पेशंट हाताबाहेर गेल्यावर डॉक्टर हलवतात तशी.

सत्काराचा मांडव त्याच मैदानावर पडला, आमच्या राखेच्या रेषांवर. आम्हा पोरींना स्टेजवर बसवून शाल, नारळ दिले. आबा धुतलेला फेटा बांधून आले होते. सरांना स्टेजवर बोलावलं नाही, ते शेवटच्या रांगेत बसले. भाऊसाहेब माईकवर आले आणि मला बोटानं दाखवून म्हणाले, मेंढरांमागं पळणारी ही गरिबाची लेक. तिथून सुरू झालं ते वाक्य, अजून थांबलेलं नाही. पुढं म्हणाले, चुकीच्या मैदानावर पळूनही आमच्या लेकींनी नाव काढलं, हे केवळ त्यांच्यातल्या उपजत गुणांमुळं. पण ज्यांना साधं मैदान आखता येत नाही त्यांच्या हाती आम्ही पोरींचं भवितव्य कसं द्यावं? म्हणून संस्थेनं आजपासून नवीन क्रीडा संचालक नेमले आहेत. आणि जावई उठून हात जोडत उभे राहिले.

मांडवात टाळ्या पडायला लागल्या तेवढ्यात स्टाफच्या खुर्च्यांतून काझी मॅडम उभ्या राहिल्या. त्यांना माईकची गरज नव्हती. "भाऊसाहेब, दोर आम्ही कशापायी आणला ते पण सांगा ना. कॉलेजची टेप तुमच्या प्लॉटवर गेलती. ती आमच्या हातात कधी आली न्हाई. मोजणीच्या दिवशी मात्र आली. कुठून आली?"

मागं आबा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "दोर माझा हाय. चूक माझी धरा." त्यांना सभेत बोलताना मी जन्मात एकदाच ऐकलं. भाऊसाहेबांनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "मॅडम, हा सत्काराचा कार्यक्रम आहे," म्हणाले, आणि हलगीवाल्यांना खूण केली. हलगी कडाडली. मॅडमचे ओठ हलत होते, पण आवाज आमच्यापर्यंत येईना. आम्ही पोरी उठलो, शाली खाली टाकायच्या म्हणून. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून सरांनी हात वर केला, तळवा आमच्याकडं. सुरुवातीच्या रेषेवर ते तसा हात करायचे तेव्हा त्याचा अर्थ एकच असायचा, थांबा. आम्ही थांबलो. नंतर मी त्यांना विचारलं की का थांबवलं. म्हणाले, "तुमची पुढची स्पर्धा ह्यांच्या सहीवर हाय, सुभद्रा. माझं जे व्हायचं ते झालं."

सर बीडला गेले. पोलीस भरतीची पोरं पळवायला लागले. कधी मांजरसुंब्याकडं जाताना एसटीच्या खिडकीतून बघितलं की हायवेच्या कडेनं पोरांची रांग पळताना दिसायची आणि तिच्या मागं सायकलवर ती शीळ. लग्न झालं नाही. आई ऑर्डरची वाट बघतच गेली. मॅडमना कॉलेजनं निवृत्तीपर्यंत मैदानावर पाऊल ठेवू दिलं नाही, उलट जिथं तिथं परीक्षेची ड्यूटी लावून छळलं. त्या गेल्या तेव्हा कॉलेजातून मातीला एक माणूस आला नाही, आलो ते आम्ही पोरी, आपापल्या नातवंडांना घरी ठेवून. आणि त्या ट्रॉफीखाली काचेच्या कपाटात लिहिलंय, मार्गदर्शक, आणि पुढं जावयाचं नाव. ट्रॉफी आली तेव्हा तो माणूस त्या कॉलेजात नोकरीलाही नव्हता. पाटी रंगवणाऱ्याचा हात कसा चालला असेल?

मी पुढं शाळेत शिक्षिका झाले, निवृत्तही झाले. मागच्या हिवाळ्यात कॉलेजचं आमंत्रण आलं. भाऊसाहेबांच्या नावानं क्रीडा संकुल झालंय, उद्घाटनाला माजी खेळाडू म्हणून या. जावई आता स्वतः अध्यक्ष आहेत. मी जाणार नव्हते, पण मैदान बघायची इच्छा झाली. कार्यक्रमाच्या आधी, सकाळी लवकर पोचले. लाल रंगाचा ट्रॅक, पांढऱ्या रेषा, मोठी पाटी, चारशे मीटर. पोरी सराव करत होत्या आणि एक तरुण मॅडम घड्याळ धरून उभी होती. तीही तासावर, विचारल्यावर कळलं. चपला काढून मी एक फेरी चालले. आणि वळण लवकर आलं. दुसरंही लवकर आलं. गुडघे गेले असतील माझे, पण पायांना चारशे मीटर म्हणजे काय ते अजून कळतं. रस्त्याच्या बाजूला बघितलं तर जिथं आमचं वळण होतं तिथं दुकानांचे गाळे उभे होते. मैदान कापून गाळे काढलेत, आणि उरलेल्या जागेत ट्रॅक कोंबलाय. ती तरुण मॅडम माझ्याकडं धावत आली, घड्याळ दाखवत. "बघा मॅडम, आमच्या पोरी लई जोरात हायत यंदा." मी तशीच अध्यक्षांना शोधायला वळले.

अध्यक्षांना विचारलं तर हसले. "ताई, जागा कुठं राहिली? आणि पोरींना थोडंच कळतंय?" माझं भाषण आलं तेव्हा मी माईकवर एवढंच म्हणाले, की ज्या माणसाला जास्तीच्या मैदानाबद्दल हाकललं त्याचं नाव बडे सर, आणि हे मैदान कमी भरतंय, याबद्दल कुणाला हाकलणार? माईक बंद पडला. लाइट गेली म्हणाले. स्टेजवरचे पंखे फिरत होते.

तिथून मी थेट बीडला गेले, सरांकडं. खोलीत कॉटवर पडून होते, पाय सुजलेले. मी सगळं सांगितलं, मोठ्यानं, हातवारे करत. मला वाटलं ते हसतील, मॅडमबरोबर पायरीवर हसले होते तसे. किंवा निदान म्हणतील की बघ, यांचं कसं कमी निघालं. ते उठून बसले.

"मग त्या पोरी विद्यापीठात गेल्यावर शेवटच्या वळणावर मरतील की," ते म्हणाले. "दम संपंल आणि रेषा येणार न्हाई. त्यांना सांगितलं का कुणी?"

रागाच्या भरात मी त्या पोरींना सांगायचंच विसरले होते.

"उद्याच्याला जाऊ," सर म्हणाले. "त्या नव्या मॅडमला समजावून देऊ. गाळ्यांमुळं वळण हलत न्हाई तर न हलू दे, सुरुवातीची रेषा मागं घेता येती." पाय खाली सोडून ते चप्पल शोधायला लागले, जणू उद्याची वाट बघायची तयारी नव्हती. मग थांबले. "आबांचा दोर हाय का गं अजून?"

"हाय सर. माळ्यावर हाय. गाठींसकट."

त्यांनी दुसरी चप्पल पायानं ओढून घेतली.

"दोर राहू दे," म्हणाले. "टेप आण."

कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून मी टेप घेतली, सगळ्यात लांब होती ती.